पहाटे तीनला गाडी कुठल्या दाराशी न्यायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. सोलापूर जिल्ह्यातल्या तुमच्या गावी वडिलांना पहाटे हार्ट अटॅक आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि सोलापूरला पाठवलं. तिथे अँजिओप्लास्टी, म्हणजे अडलेली रक्तवाहिनी आतून बलून फुगवून उघडणं, झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. आता वडील घरी आहेत, बरे आहेत. पण मँचेस्टरला असलेला तुमचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "आमच्याकडे हे इंजेक्शन आता कुणी देत नाही. थेट अँजिओप्लास्टी करतात, सरकारी दवाखान्यात, फुकट. सगळ्या देशात तीन वर्षांत सुरू केलं." तेव्हापासून तुम्हाला तीन गोष्टी छळतायत. इंग्लंडनं हे कसं केलं, आपल्याकडे का होत नाही, आणि तालुक्याचे डॉक्टर चुकले का.

शेवटचं आधी सांगते, कारण झोप त्यानंच उडाली असणार. तुम्ही लिहिलंय त्यावरून तालुक्याचे डॉक्टर चुकले नाहीत. ईसीजी मी पाहिलेला नाही, छातीत दुखायला लागून नेमका किती वेळ झाला होता तेही मला ठाऊक नाही, म्हणून एवढीच पुस्ती जोडते की हे माझं दुरून बनलेलं मत आहे. पण दुखायला लागून दोन-तीन तासांच्या आत माणूस पोचला असेल आणि कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, दोन तासांच्या आत गाठता येणार नसेल, तर लगेच इंजेक्शन देऊन मोठ्या दवाखान्यात हलवायचं आणि चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढणारी तपासणी) करायची, हीच जगभर मान्य असलेली पद्धत आहे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. चुलतभाऊ खोटं बोलत नाही, पण त्याचं घर कॅथलॅबपासून पंधरा मिनिटांवर असावं.

आता इंग्लंड. मी मूळची सांगलीकडची. हा बदल होत होता त्या वर्षांत मी उत्तर इंग्लंडमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात हृदयरोगाची रजिस्ट्रार, म्हणजे तज्ज्ञ होण्याआधीची डॉक्टर, होते. आज तिथेच कन्सल्टंट आहे आणि आठवड्यातली एक-दोन रात्री उशाशी फोन घेऊन झोपते. त्यामुळे पुढचं काही कागदावरचं आहे आणि काही कॉरिडॉरमधलं.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय की अँजिओप्लास्टी म्हणजे एक यंत्र, ते श्रीमंत देशानं विकत घेतलं आणि गावोगाव बसवलं. तसं असतं तर आमचं काम सोपं होतं. कॅथलॅब इंग्लंडात आधीपासून होत्याच. दिवसा, ठरवून, रांगेतल्या पेशंटच्या अँजिओप्लास्टी तिथे रोज होत. अडचण वेगळी होती. पहाटे तीन वाजता एखाद्याच्या छातीत कळ आली, तर ते नेमकं काय आहे हे कोण ठरवणार? गाडी जवळच्या दवाखान्याच्या दारावरून पुढे न्यायची हिंमत कोण करणार? आणि गाडी पोचेल तेव्हा तिथे दिवे लागलेले असतील याची हमी कोण देणार? इंग्लंडनं जे बांधलं ते या तीन प्रश्नांभोवती.

याची सुरुवात अँजिओप्लास्टीनं झाली नाही, इंजेक्शननं झाली. हे आपल्याकडे कुणी सांगत नाही म्हणून जरा रेंगाळते. १९८८ साली आयसिस-२ या चाचणीनं १७,१८७ पेशंटवर दाखवलं की स्ट्रेप्टोकायनेज, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, आणि साधी अ‍ॅस्पिरिन दोन्ही दिली, तर पाच आठवड्यांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतात. केवढी मोठी गोष्ट! तरीही पुढची दहा-बारा वर्षं इंग्लंडात इंजेक्शन वेळेवर मिळत नव्हतं. पेशंट कॅज्युअल्टीत यायचा, ज्युनियर डॉक्टर बघायचा, मग तो मेडिकल रजिस्ट्रारला बोलवायचा, मग वॉर्डात हलवायचं, मग औषध. तासभर सहज जाई. मार्च २००० मध्ये सरकारनं हृदयरोगासाठी राष्ट्रीय आराखडा काढला आणि त्यात वेळा लिहून टाकल्या: मदतीसाठी फोन केल्यापासून ६० मिनिटांत इंजेक्शन; दवाखान्यात आल्यापासून आधी ३० आणि एप्रिल २००३ पर्यंत २० मिनिटांत.

सरकारी कागदावर वेळ लिहिली म्हणून ती पाळली जाते असं इंग्लंडातही होत नाही. फरक पडला तो मोजणीनं. मिनॅप नावाचं राष्ट्रीय ऑडिट त्याच सुमारास सुरू झालं आणि २००२ पर्यंत इंग्लंड-वेल्समधली तीव्र हृदयविकार घेणारी सगळी हॉस्पिटलं त्यात आली. प्रत्येक अटॅकची नोंद: फोन किती वाजता, गाडी किती वाजता, दारात किती वाजता, सुई किती वाजता. आणि हे आकडे दवाखान्याच्या नावानिशी छापले जात. शेजारच्या गावचं हॉस्पिटल आपल्या पुढे आहे हे वर्तमानपत्रात वाचल्यावर आमच्या साहेबांचा चेहरा कसा होई ते मी पाहिलंय. पुढच्या महिन्यात औषध वॉर्डातून उठून कॅज्युअल्टीच्या कपाटात आलं आणि ते देण्याचा अधिकार नर्सला मिळाला.

त्याच घाईपोटी अँब्युलन्समध्ये बारा लीडचा ईसीजी आला. पॅरामेडिक, म्हणजे अँब्युलन्सवरचे प्रशिक्षित कर्मचारी, तो वाचायला शिकले, आणि पुढे काही भागांत इंजेक्शनही घरीच, पेशंटच्या सोफ्यावर, द्यायला लागले. म्हणजे अँजिओप्लास्टीचं नाव निघायच्या आधीच रस्त्यावरच्या माणसाला निदान करता येत होतं आणि मिनिटांचा हिशेब ठेवायची सवय देशाला लागली होती. 'तीन वर्षांत केलं' या वाक्यात ही आधीची आठ वर्षं गाळली जातात.

मग बदललं का? कारण पुरावा बदलला. २००३ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला, ७,७३९ पेशंटचा. इंजेक्शनवाल्यांत मृत्यू ९ टक्के, थेट अँजिओप्लास्टीत ७ टक्के. पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ३ वर, पक्षाघात निम्मा. त्याच वर्षी डेन्मार्कची डानामी-२ ही चाचणी आली. तिच्यात विचारलेला प्रश्न अगदी तुमच्या तालुक्याचा होता: कॅथलॅब नसलेल्या गावातला पेशंट गाडीत घालून दूर नेला तरी फायदा टिकतो का? टिकला. चाचणीतले सगळे पेशंट धरून, महिन्याभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी होण्याचं प्रमाण १३.७ वरून ८ टक्क्यांवर आलं. पण बारीक अक्षरंही वाचा. हलवलेले जवळजवळ सगळे पेशंट दोन तासांच्या आत पोचले होते, आणि फायद्याचा मोठा वाटा पुन्हा अटॅक न येण्यातला होता; निव्वळ मृत्यूंमधला फरक लहान होता. डेन्मार्क सपाट आहे, लहान आहे, रस्ते चांगले आहेत. गाडी जितकी उशिरा पोचेल तितकी अँजिओप्लास्टीची आघाडी झिजत जाते, आणि एका टप्प्यापुढे लगेच दिलेलं इंजेक्शनच बरं ठरतं.

म्हणून इंग्लंडच्या आरोग्य खात्यानं लगेच फर्मान काढलं नाही. तेव्हाचे हृदयरोगाचे राष्ट्रीय संचालक रॉजर बॉइल यांच्या काळात, हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेला सोबत घेऊन, २००५ पासून काही निवडक हॉस्पिटलांत वर्षभर करून पाहिलं. त्यांनी विचारलेला प्रश्न मला आजही शहाणपणाचा वाटतो. अँजिओप्लास्टी चांगली आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. ते माहीत होतं. आपल्या रस्त्यांवर, आपल्या माणसांनी, रात्रंदिवस ती वेळेत होते का, आणि ती करताना बाकी काय मोडतं, हे त्यांना पाहायचं होतं. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी खर्च तपासला, कर्मचाऱ्यांशी बोलले, पेशंट आणि घरच्यांना विचारलं.

त्यातून निघालेली सगळ्यात कामाची गोष्ट हास्यास्पद वाटावी इतकी साधी होती. गाडी कॅज्युअल्टीत थांबली की वेळ जातो. पेशंटला अँब्युलन्समधून उतरवून सरळ कॅथलॅबच्या टेबलावर नेलं की वेळ वाचतो. आमच्याकडे सुरुवातीला कॅज्युअल्टीतून जायची पद्धत होती, कारण 'एकदा आमच्या डॉक्टरनं बघायला नको का?' एका रात्री पॅरामेडिकनं घरातच काढलेला ईसीजी इतका ठसठशीत होता की पोराटोरालाही कळावा. तरी कॅज्युअल्टीत पुन्हा ईसीजी, पुन्हा रक्त, छातीचा एक्सरे, अंगावरचे कपडे, नावाचा पट्टा. चाळीस मिनिटं गेली. या सगळ्यात कामचुकार कुणीच नव्हतं. प्रत्येक जण आपापलं काम मन लावून करत होता आणि त्या मन लावण्यातच हृदयाचा स्नायू मरत होता. त्यानंतर आमच्याकडे एक नियम झाला: पॅरामेडिकचा फोन थेट हृदयविभागातल्या नर्सकडे यायचा, ती ईसीजी बघणार, एकाच फोन नंबरवरून सगळ्या टीमला बोलावणार, आणि स्ट्रेचर मागच्या लिफ्टनं वर. कॅज्युअल्टीचे सीनियर डॉक्टर आधी दुखावले. नंतर त्यांच्या खाटा मोकळ्या राहायला लागल्या तेव्हा कुरकुर थांबली.

पॅरामेडिकवर एवढा भरवसा टाकायचा म्हणजे चुका होणारच. हृदयातल्या विजेच्या वाटेतला जुना ब्लॉक, हृदयाच्या आवरणाची सूज, तरण्या मुलाचा मुळातच तसा दिसणारा ईसीजी, यांच्यापायी आम्ही कितीदा पहाटे उठून आलो. पहिल्या वर्षी मी चरफडत असे. माझ्या बॉसनी एकदा शांतपणे विचारलं, "एकही फुकट खेप झाली नाही तर काय समजायचं?" खरं होतं. एकही खेप फुकट जात नाही याचा अर्थ खरे पेशंट कुठेतरी गळतायत. त्यानंतर फुकट आलेल्या पॅरामेडिकला आम्ही चहा देऊन, ईसीजी समोर ठेवून, कुठे फसायला झालं ते दाखवायला लागलो. ओरडायचं नाही. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी फोन करताना दहा मिनिटं विचार करतो.

ऑक्टोबर २००८ मध्ये अहवाल आला: हे जमतं, देशभर करा, तीन वर्षांत. फोनपासून बलून फुगवेपर्यंत १५० मिनिटं, दारापासून बलूनपर्यंत ९० मिनिटं, ही मापं ठरली. लंडननं वाट पाहिली नव्हती. तिथली अँब्युलन्स सेवा आधीच पेशंटला मूठभर ठरलेल्या केंद्रांत थेट नेत होती. बाकीच्या देशाचं काम हृदयरोगाच्या प्रादेशिक नेटवर्ककडे आलं. इंग्लंडात अशी २८ नेटवर्क होती. एका भागातली मोठी-लहान हॉस्पिटलं, अँब्युलन्स आणि पैसे देणारी स्थानिक मंडळी यांना एका टेबलाभोवती बसवणारी. २००८ मध्ये रक्तवाहिनी उघडायचे उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना थेट अँजिओप्लास्टी मिळत होती. २०११ पर्यंत दहांतल्या नऊहून जास्त लोकांना मिळू लागली.

ऐकायला हे वरातीसारखं वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त डोकेफोड झाली ती रोटाची, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकाची. हिशेब करा. आठवड्याचे १६८ तास. त्यातले ऑफिसचे फार तर ४०. म्हणजे तीन-चतुर्थांश वेळ कॅथलॅब 'बंद' असते आणि अटॅकचा जोर तर पहाटे-सकाळी. त्या १२८ तासांसाठी एक हृदयरोगतज्ज्ञ, दोन नर्स, एक रेडिओग्राफर आणि मॉनिटर सांभाळणारा एक तंत्रज्ञ, सगळे अर्ध्या तासाच्या आत येऊ शकतील असे हवेत. डॉक्टर सहा-सात मिळतात, आम्हाला तर कौतुकही मिळतं. पण जिच्याकडे दोन लहान पोरं आहेत आणि जिची नेमणूक नऊ ते पाच म्हणून झाली होती, त्या नर्सनं दर पाचव्या रात्री का उठावं? रेडिओग्राफर तर एकूण चारच होते. शिवाय युरोपचा कामाच्या तासांचा कायदा: दोन पाळ्यांच्या मधे ११ तास विश्रांती. रात्री दोनला आलेली टीम सकाळी आठला उभी राहू शकत नाही. मग सकाळच्या ठरलेल्या अँजिओप्लास्टी रद्द, आणि उपाशीपोटी आलेल्या आजोबांना घरी पाठवायचं. पहिल्या वर्षात आमच्या दोन चांगल्या नर्स नोकरी सोडून गेल्या. यंत्रं विकत घ्यायला पैसे चटकन मंजूर झाले. रात्रीची माणसं वाढवायला दोन वर्षं भांडावं लागलं.

दुसरं दुखणं मानापमानाचं. सगळ्यांनाच केंद्र व्हायचं होतं. आमच्या शेजारच्या दोन हॉस्पिटलांनी तोडगा काढला: एका आठवड्यात रात्रीची सेवा यांच्याकडे, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे. बैठकीत टाळ्या पडल्या. एका रविवारी रात्री पॅरामेडिकनं पेशंट चुकीच्या दाराशी नेला, कारण आठवडा रविवारी बदलतो की सोमवारी, यावर दोन्हीकडच्या कागदांत एकमत नव्हतं. माणूस वाचला, पण तो तोडगा तिथेच संपला. पहाटे तीनला ज्याला डोकं चालवायला लागतं ती व्यवस्था मोडते. गाडीवाल्याला एकच उत्तर पाठ हवं, आणि ते वर्षभर तेच हवं.

जी हॉस्पिटलं केंद्र झाली नाहीत, त्यांना वाटलं आता आपला हृदयविभागच बंद पडणार. त्यात इंग्लंडात दवाखान्याला पैसे दर पेशंटमागे मिळू लागले होते, त्यामुळे पेशंट गेला की पैसेही गेले. यावर उपाय असा की स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकून एक दिवसाच्या आत स्थिर पेशंट त्याच्या गावच्या हॉस्पिटलात परत पाठवायचा. पुढची काळजी, गोळ्या, व्यायाम, तिथे. यानं दोघांचंही भागलं, केंद्रातल्या खाटाही मोकळ्या राहिल्या. अँब्युलन्सचा प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही. एका पेशंटसाठी गाडी साठ मैल लांब गेली तर तिच्या भागात तेवढा वेळ कोण?

आणि हेही चुलतभावाला सांगा की ब्रिटन म्हणजे सगळं मँचेस्टर नव्हे. वेल्सला आणखी वेळ लागला. स्कॉटलंडच्या बेटांवर आजही आधी इंजेक्शनच देतात आणि मग विमानानं हलवतात. तिथल्या डॉक्टरांना कुणी मागास म्हणत नाही.

एका ठिकाणी आमची सगळी यंत्रणा हात टेकते: पेशंट स्वतः फोन करत नाही तोवरचा वेळ. ब्रिटिश हार्ट फाउंडेशननं २००६ मध्ये छातीभोवती पट्टा करकचून आवळलेल्या माणसाची चित्रं गावभर लावली, छातीत दुखलं तर ९९९ हा तातडीचा नंबर लावा म्हणून. तरी लोक थांबतात. इथले आपले लोक तर विशेष थांबतात. मागच्याच वर्षी एक मराठी काका आले, संध्याकाळी सातपासून 'गॅस' होता. ओवा झाला, सोडा झाला, मुलाला कशाला उठवायचं म्हणून रात्र काढली. पहाटे पाचला आले ते घामानं चिंब. आम्ही रक्तवाहिनी दारापासून छत्तीस मिनिटांत उघडली. ऑडिटमध्ये आमची वेळ झकास दिसते. काकांचं हृदय मात्र अर्ध्या ताकदीवर चालतंय.

आता महाराष्ट्र. इथे माझा अधिकार कमी, कारण मी तिथे रोज काम करत नाही. पण जे छापून आलंय ते वाचते आणि मिरज-कोल्हापूरच्या वर्गमित्रांशी बोलते. भारतातल्या क्रिएट या नोंदवहीत, जी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, २०,४६८ पेशंट होते. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला लागलेला मधला वेळ ३६० मिनिटं. सहा तास! दवाखान्यात आल्यावर इंजेक्शन मिळायला मात्र फक्त ५० मिनिटं. नोंद जुनी आहे, आज चित्र सुधारलं असेल, पण तिच्यातला धडा मला मोठा वाटतो: वेळ दवाखान्याच्या आत कमी आणि बाहेर जास्त वाया जात होता. अशा ठिकाणी आधी आणखी दहा कॅथलॅब बांधल्या तर त्या सहा तास उशिरा आलेल्या माणसांची वाट बघत बसतील.

म्हणून इंग्लंडची नक्कल जशीच्या तशी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तामिळनाडूनं केलं ते जास्त जवळचं आहे. तिथे लहान दवाखाने आणि कॅथलॅबवाली मोठी हॉस्पिटलं यांचे गट बांधले. ईसीजी लगेच पुढे पाठवायचा. जवळच्याला थेट अँजिओप्लास्टी. लांबच्याला जागेवर इंजेक्शन आणि मग हलवून अँजिओग्राफी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,४२० पेशंटच्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. हा आधी-नंतरचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळं श्रेय जाळ्याला देता येत नाही, पण दिशा बरोबर आहे. गोव्यानंही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला केंद्र धरून असं जाळं उभं केलं. गोवा उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटरचा आणि मोठं सरकारी हॉस्पिटल एकच, म्हणजे 'कुठल्या दाराशी' हा प्रश्न तिथे जन्मतःच सुटलेला आहे. गडचिरोलीत तो तसा सुटणार नाही, आणि मुंबईत तर दारं फार झाली म्हणून सुटणार नाही.

हे इंजेक्शन म्हणजे गरिबाची तडजोड, असंही समजू नका. स्ट्रीम नावाच्या चाचणीत १,८९२ पेशंट होते, सगळे तीन तासांच्या आत आलेले आणि तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले. महिन्याभरातले मृत्यू, पुन्हा अटॅक, हृदयाचं बळ कोसळणं हे सगळं धरून इंजेक्शनवाल्यांत १२.४ टक्के, थेट अँजिओप्लास्टीवाल्यांत १४.३ टक्के, म्हणजे साधारण बरोबरी. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. छत्तीस टक्के लोकांना इंजेक्शन लागू न पडल्यानं तातडीनं अँजिओग्राफी करावी लागली, म्हणजे इंजेक्शन देऊन तालुक्यातच ठेवून घेणं चूक. आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा वाढतो. पंचाहत्तरीपुढच्या माणसांना डोस निम्मा केल्यावर तो बराच आटोक्यात आला. तुमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पेशंट धरून न ठेवता गाडी सोलापूरकडे लावली. दोन्ही बरोबर.

महाराष्ट्राकडे काहीच नाही असंही नाही. १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो. इंग्लंडच्या गाडीत तोही नसतो. स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, औषध लावलेल्या स्टेंटची तेव्हा २९,६०० रुपये. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते. सुटे भाग आहेत, जुळणी व्हायचीय. प्रत्येक तालुक्याला लेखी एकच उत्तर हवं: या गावातला अटॅक दिवसा कुठे, रात्री कुठे, किती मिनिटांत, आणि तेवढ्यात जमत नसेल तर इंजेक्शन कोण देणार. आणि हे झालं की नाही ते मोजून, नावानिशी छापायला हवं.

दोन अडथळे मात्र मी इंग्लंडात कधी पाहिलेच नाहीत, त्यामुळे त्यांवर इंग्लंडचं उत्तर नाही. एक, काउंटरवरची अनामत रक्कम. इंग्लंडात टेबलावर घेताना पेशंटचं नावसुद्धा कधीकधी नंतर कळतं. दुसरा, नातेवाईकांची सभा. माझा कोल्हापूरचा मित्र सांगतो की टीम तयार, लॅब तयार, पेशंट शुद्धीवर आणि राजी, पण 'पुण्याहून मामा निघालेत, ते आल्यावर ठरवू' म्हणून दीड तास जातो. मामा येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, एवढा उशीर का केला?" यात कुटुंबाला हसण्यात अर्थ नाही. ज्यांनी आधी फसवणूक पाहिलीय ते थांबतात. पण अटॅकच्या वेळी सही कोण करणार हे घरात निवांतपणी, आजच, ठरवून ठेवता येतं.

तुमच्या वडिलांपुरतं सांगायचं तर, अँजिओप्लास्टीनंतर काढलेल्या ईसीजीचा नीट फोटो काढून सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. पुन्हा कधी छातीत दुखलं तर नव्या ईसीजीशेजारी तो धरला की तालुक्याच्या डॉक्टरांचं अर्धं काम होतं. कोणतं इंजेक्शन दिलं होतं त्याचं नाव आणि तारीख डिस्चार्ज कार्डावर आहे का बघा. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर ते पुन्हा देत नाहीत, दुसरं वापरतात. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या सुरू असतील, त्या दात काढायचाय म्हणून किंवा 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेल तर त्यातला पंपिंगचा टक्का कळवा, मग पुढच्या व्यायामाबद्दल सविस्तर लिहिते.